परबकाकांची फाटकी टेप

परबकाका कुणालाही भेटले की आधी त्याचं वजन सांगायचे, नमस्कार नंतर. आमच्या शेठना पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणे ते म्हणाले होते, "एक्याण्णव. चपला धरून ब्याण्णव." शेठनी हट्टाने शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभं राहून बघितलं. काटा एक्याण्णवच्या जरासा पुढे थांबला. तेव्हापासून शेठ त्यांना तबेल्यात यायला कधी अडवत नसत, पण काका समोर आले की पोट आत ओढून घ्यायचे.

मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा काका म्हणाले, "बेचाळीस. जेवत नाही काय?"

मी तेव्हा मेलेल्या पारडाशेजारी बसून रडत होते.

आमचा तबेला कांदिवली पूर्वेला आहे. चारी बाजूंनी टॉवर आणि मध्ये पत्र्याखाली साठेक म्हशी. टॉवरमधली माणसं वासाला कंटाळून खिडक्या लावून घेतात आणि दूध मात्र आमच्याकडचंच नेतात. मी आणि माझा नवरा विलास मेहकरकडून इथे आलो. तबेल्यामागच्या खोलीत राहायचं, विलासने वैरण टाकायची, शेण ओढायचं आणि मी पारडं सांभाळायची, असं ठरलं होतं.

गाव सोडायला कारण होतं. लग्न होऊन मी घरात आले त्याच महिन्यात सासऱ्यांचा बैल गेला. मग विहिरीचं पाणी आटलं. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, रोज सकाळी वंदना, पण सासूबाईंच्या तोंडी एकच शब्द बसला, पांढऱ्या पायाची. विलास एक दिवस म्हणाला, चल, मुंबईत कुणी कुणाचे पाय बघत नाही. मी सातवी शिकलेली. मला वाटलं, खरंच असेल.

पण इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात तीन पारडं गेली. तबेल्यात पारडू जाणं म्हणजे नुसतं पारडू जाणं नसतं. पारडू समोर नसलं तर म्हैस पान्हा सोडत नाही, लाथा मारते, दूध चढवून धरते. दूध काढणाऱ्यांचा मुकादम होता दुलारे. वयाने मोठा, म्हशींचा जाणकार. त्याने दोन-तीनदा मला ऐकू जाईल असं म्हटलं, "जब से ये आयी है ना सेठ, बच्चा टिकता नहीं. इसका हाथ लगा की गया." शेठ आधी हसले. तिसरं गेल्यावर हसले नाहीत. विलासला बोलावून म्हणाले, "अजून एक गेलं ना, तर तुम्ही दोघं दुसरीकडे बघा. मला राग नाही तुमचा, पण धंदा आहे."

त्या सकाळी चौथं गेलं.

मी त्याच्याजवळ बसले होते. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, केस उभे, मागून सगळं मळकट पांढरं वाहिलेलं. दुलारे आणि शेठ उभे होते. विलास खोलीत सामान बांधायला गेला होता, कारण कुणी सांगायची वाट बघत बसायची त्याला सवय नव्हती. तेवढ्यात हा म्हातारा आला. पांढरा सदरा, खाकी पँट, खांद्याला कापडी पिशवी आणि गळ्यात शिंप्याची पिवळी टेप. एका म्हशीच्या शिंगाची जखम बांधायला तो यायचा होता. माझं वजन सांगून झाल्यावर त्याने पारडाकडे बघितलं आणि विचारलं, "किती दिवसांचं?"

"चोवीस," मी म्हटलं.

"दहाव्या दिवशी औषध पाजलं होतं?"

कुठलं औषध? मला काहीच माहीत नव्हतं. दुलारे म्हणाला, "काका, दवा का सवाल नहीं है. इसके हाथ में ही कुछ है."

काकांनी त्याच्याकडे बघितलं. "सत्तर," ते म्हणाले. मग पिशवी खाली ठेवली, दुलारेची पोती कापायची सुरी मागून घेतली आणि आमच्यासमोर बसून पारडाचं पोट उघडलं. मी तोंड फिरवलं तर ओरडले, "तू बघ. तुझ्यासाठीच चाललंय."

आतड्यात जंत होते. लांब, पांढरे, बोटभर, वीतभर, शेवया शिजवून कोंबाव्यात तसे. आतडं त्यांनी फुगून तटतटलं होतं. काकांनी ते शेणाच्या घमेल्यात काढले आणि दुलारेला म्हणाले, "मोज."

"क्या?"

"मोज म्हणतो ना. तुला हिशोब पाहिजे ना, कुणी मारलं त्याचा?"

दुलारे मोजायला लागला. एक, दो, तीन. तिशीच्या पुढे कुठेतरी तो उठला आणि नळाकडे धावला. काका शांतपणे हात धूत म्हणाले, "आता सांग रे, यातला कुठला हिने गावाहून ट्रंकेतून आणला? हे म्हशीच्या अंगात झोपून असतात. व्याली की दुधातून पारडाच्या पोटात जातात. आईच्या दुधातून येतात, हिच्या हातातून नाय. शेठ, तुमची मागची तीन पण अशीच गेली असणार. तेव्हा फाडून बघितली असती तर ही चौथी वेळ आली नसती."

मग त्यांनी फोन काढला. "मी डॉक्टर नाही हां," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "मी व्रणोपचारक. रिटायर. औषध मॅडमच लिहून देणार." आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना त्यांनी सगळं सांगितलं. विलासला मी सामान सोडायला सांगायला गेले. आजवर माझ्या बाजूने बोललेली माणसं होती, विलासच होता. पण सुरी हातात घेऊन दाखवणारं कुणी नव्हतं.

त्यांचं पूर्ण नाव मला पुष्कळ उशिरा कळलं. घरचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात जखमा बांधल्या, एवढंच बोलण्या-बोलण्यातून समजलं. बोरीवलीला एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी पार्ल्याला. त्या दिवसापासून रोज सकाळी बोरीवलीहून निघायचे आणि वाटेतले तबेले, बकऱ्या पाळणारी घरं बघत बघत आमच्याकडे चालत यायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. एकदा मी विचारलं, "काका, रिटायर झाल्यावर पण काहून फिरता?" तर म्हणाले, "जंत रिटायर होत नाहीत गो."

माणसांशी ते मुंबईचं मराठी बोलायचे आणि जनावरांशी मालवणी. म्हशीला 'बाय' म्हणायचे. पाठीवर थाप मारून म्हणायचे, "काय गो बाय, बरी असंस मा?" आणि खरोखर उत्तर यायची वाट बघायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, हे आपल्याला दाखवायला करतायत. नंतर कळलं की आपण तिथे आहोत हेच ते विसरलेले असतात.

औषध पाजायचं त्यांनी मला शिकवलं. आधी मी हातच लावायला तयार नव्हते. माझ्या हाताबद्दल इतकं ऐकलं होतं की माझाच त्यावर विश्वास राहिला नव्हता. "काका, मले भेव वाटते," मी म्हणायचे. ते म्हणायचे, "वाटू दे. न भिणाऱ्याच्या हातात मी बाटली देत नाही." मग पारडाच्या जबड्याखाली माझा हात धरून दाखवायचे. "डोकं वर ताणायचं नाही. नाक आणि पाठ एका रेषेत. जीभ ओढायची नाही. गालाच्या कडेने थोडं सोड, थांब. गिळू दे. खोकलं तर सोडून दे ताबडतोब, डोकं खाली करू दे. औषध पोटात जायला पाहिजे, छातीत नाही. छातीत गेलं की संपलं."

आणि पारडाने तोंड उघडलं की काकांचं तोंडही आपोआप उघडायचं. पारडू गिळायचं तेव्हा काकांचा कंठमणी वर-खाली व्हायचा. आई बाळाला भरवताना करते तसं. दुलारे मागून म्हणायचा, "काका, आधी दवा तो आप ही पी गये." काकांना ते कळायचंच नाही. म्हणायचे, "काय हसतोस रे? आता बहात्तर झालास."

पिवळी टेप त्यांच्या बायकोची होती. ती घरी ब्लाउज शिवायची. टेपचे पहिले पाच इंच कधीतरी फाटून गेले होते. म्हणून काका छातीचा घेर मोजायचे तो पाचच्या पुढून आणि आलेल्या आकड्यातून पाच वजा करायचे. एका पुठ्ठ्यावर त्यांनी निळ्या पेनाने तक्ता केला होता, इतके इंच घेर तर इतकं वजन, इतकं वजन तर इतकं औषध. मी म्हटलं, "नवीन टेप घ्या ना काका, कोपऱ्यावर मिळते." ते म्हणाले, "ही चालते." अशा आवाजात म्हणाले की मी पुन्हा विचारलं नाही.

वजनाशिवाय औषध नाही, यावर त्यांचं आणि दुलारेचं एक मोठं भांडण झालं. पारडं वाचायला लागली तसा शेठना हुरूप आला. त्यांनी मोठ्या जनावरांसाठी औषध मागवलं. आलं ते कमी आलं. दुलारेने विचार केला, देवळातलं तीर्थ कसं सगळ्यांना पुरवतात? त्याने बादलीत पाणी घालून वाढवलं आणि एकेक पळी सगळ्या म्हशींना पाजली. फार मनापासून केलं होतं त्याने. काका आले तेव्हा अभिमानाने सांगितलं, "काका, सब को बराबर मिला. किसी पे अन्याय नहीं."

काका मटकन गव्हाणीच्या कट्ट्यावर बसले.

"अरे प्रसाद आहे काय हा? चारशे किलोच्या म्हशीला पळीभर? त्याने जंत मरत नाहीत रे. त्यांना चव कळते. जगले-वाचलेले हुशार होतात आणि पुढल्या वेळी पुरं औषध दिलं तरी हसतात. अर्धं औषध म्हणजे जंतांची शाळा." मग माझ्याकडे वळून, "बघ, तू सातवीत सोडलीस. हे इथे दहावी होऊन बाहेर पडतील."

सगळे हसले. मीही हसले. शाळेवरून मला कुणी बोललं की लागतं, पण ते त्यांनी ज्या सुरात म्हटलं त्यात मी आणि जंत एकाच वर्गात होतो आणि जंत कॉपी करून पास झाले होते.

शेठना मात्र त्यांनी सोडलं नाही. "दुधावरच्या म्हशींना पण पाजलंत. आता बाटलीवर लिहिलेत तेवढे दिवस हे दूध घरोघर द्यायचं नाही."

"काका, पळी-पळी तर दिली. सगळं दूध गटारात ओतू काय?"

"पळीने जंत मरत नाहीत, पण दुधात उतरायला पळी पुरते. पारडांना पाजा. उरलेलं ओता. आणि यापुढे म्हैस आटली की मगच, मॅडमना विचारून, वजन करून."

दुसऱ्या दिवशी पहाटे काका फाटकाशी स्टूल टाकून बसलेले दिसले. दुधाच्या किटल्या घेऊन माणसं आली की सांगायचे, "आज नाही. म्हशींना औषध दिलंय." टॉवरमधला एक गृहस्थ धावायचे बूट घालून आला होता. तो चिडला, "मग आम्ही मुलांना काय द्यायचं?" काकांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मुलांचं माहीत नाही. तुम्ही चार दिवस दूध नाही प्यायलात तर बरंच आहे. अठ्ठ्याण्णव." तो माणूस दूध न घेता गेला, पण जाताना धावत गेला.

शेठनी त्या दिवसांत काकांशी बोलणं टाकलं. चहा मात्र रोज स्टुलापर्यंत पाठवला.

आता माझ्या चुकीचं सांगते.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. काकांना ताप होता म्हणून ते येत नव्हते. एका वगारीचा, म्हणजे मादी पारडाचा, दहावा दिवस आला. पारडांचे दिवस मी भिंतीवर कोळशाने रेघा मारून मोजत असे. एक दिवस पुढे ढकललं असतं तरी चाललं असतं, पण मला धीर निघत नव्हता. विलास बोरीवलीला जाऊन काकांची टेप आणि पुठ्ठा घेऊन आला. मी वगारीच्या छातीला टेप लावली. चौतीस आलं. पुठ्ठ्यावर चौतीसच्या समोरचं औषध बघितलं, दोनदा बघितलं, मोजून घेतलं आणि पाजलं. नाक आणि पाठ एका रेषेत. एकदाही खोकली नाही. मला इतकं बरं वाटलं की मी तिला कुरवाळत बसले.

दुपारी टेप गुंडाळताना फाटकी कड बोटाला लागली आणि मला एकदम आठवलं. पाच वजा करायचे राहिले होते. एकोणतीस इंचाच्या जिवाला मी चौतीसचं औषध पाजलं होतं.

वगार बसलेली होती. मागून पातळ करत होती. मला वाटलं, झालं. दुलारेचं खरं होतं, सासूबाईंचं खरं होतं, फक्त मध्ये वर्ष-दीड वर्ष गेलं एवढंच. मी कुणालाही काही न सांगता निघाले. रिक्षा करायचंही सुचलं नाही, कांदिवलीहून बोरीवलीपर्यंत उन्हात चालत गेले. काकांनी दार उघडलं. मी नुसती टेप पुढे केली आणि म्हटलं, "चौतीस."

त्यांना एका क्षणात कळलं.

"बस हय, रेखा," ते म्हणाले. त्यांना चांगलाच ताप होता. भिंतीला धरून आत गेले, पाणी आणलं. मग मॅडमना फोन लावला, वय, वजन, औषध, किती जास्त, सगळं नीट सांगितलं. मॅडम बोलत होत्या आणि हे मान हलवत होते. फोन ठेवून म्हणाले, "घाबरतंस कित्याक? ता मरूचा नाय. या औषधात एवढी जागा असते. सगळ्या औषधांत नसते हां, हे लक्षात ठेव. पाणी पाजत राहा, आईजवळ ठेव, संध्याकाळी मॅडम स्वतः येतायत."

तरी मी रडतच होते. म्हटलं, "काका, माझ्या हातालेच काहीतरी आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मुलीलाही तोवर माहीत नव्हतं.

नोकरीला लागून त्यांना वर्षही झालं नव्हतं. कायम व्हायचे होते. घाटावर कुठल्याशा गावात जनावरांना औषध पाजायचा कॅम्प होता. रांग मोठी, सूर्य डोक्यावर. एका घरची शेळी आली. नवीन सून तिला घेऊन आली होती. काकांनी घाईत शेळीचं डोकं वर ताणलं आणि औषध ओतलं. ती खोकली. ते थांबले नाहीत. दुसऱ्या कामासाठी तीन दिवसांनी ते पुन्हा त्या गावात गेले, तेव्हा शेळी मेली होती. ओट्यावर माणसं जमली होती आणि त्या सुनेची सासू सांगत होती, हिने दावं धरलं आणि शेळी गेली, आल्यापासून हेच चाललंय. सून खाली मान घालून उभी होती.

"मी तिथेच होतो," काका म्हणाले. "चार पावलांवर. माझ्या हाताने गेली, एवढंच बोलायचं होतं. नाही बोललो. नोकरी जाईल म्हणून. तिने एकदा वर बघितलं. तिला माहीत होतं, रेखा. तिने बघितलं होतं मी कसं पाजलं ते. ती पण नाही बोलली. सरकारी माणसासमोर ती काय बोलणार?"

"मग?"

"मग काय? मी एस.टी.त बसलो. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. तेव्हापासून घाई केली नाही. वजन केल्याशिवाय बाटली उघडली नाही. सवयच लागली. माणूस बघितला की आकडा दिसतो."

मला ते घमेलं आठवलं आणि 'तू बघ, तुझ्यासाठीच चाललंय' म्हणून ओरडलेला आवाज.

मी उठले तेव्हा ते म्हणाले, "आणि आजची चूक तुझी नाही. टेपची. नाही, टेपची पण नाही, तिला काय कळतं? माझी. फाटकी टेप दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते. माया असली म्हणून काय झालं?" तापातच ते चपला घालून माझ्याबरोबर खाली आले, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी टेप घेतली आणि माझ्या गळ्यात घातली. जुनी घडी करून खिशात ठेवली. त्यानंतर ती त्यांच्या गळ्यात कधी दिसली नाही.

वगार वाचली. दोन दिवस माझ्यावर रुसल्यासारखी होती, तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागली. काकांनी तिचं नाव चौतीस ठेवलं. आमच्याकडे वगारी वाढवायची पद्धत नाही, जागाच नाही, पण चौतीसला शेठनी ठेवून घेतलं. शेठना मी स्वतःच जाऊन सगळं सांगितलं होतं. ऐकून ते इतकंच म्हणाले, "सांगितलंस ना? बस." दुलारे तेव्हा जवळच उभा होता. त्याने मान खाली घालून विडी विझवली. पुढच्या दिवाळीला गावाहून आला तेव्हा माझ्यासाठी वेगळा पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि तो माझ्या हातात न देता गव्हाणीवर ठेवून पळाला.

यंदा काकांचं येणं कमी झालं, मग थांबलं. मुलगी त्यांना पार्ल्याला घेऊन गेली. पोटाचंच काहीतरी होतं, नीट कुणी सांगेना. चौतीस व्याली त्याच्या दहाव्या दिवशी मी तिच्या पारडाला औषध पाजलं, हात धुतले आणि चांगली साडी नेसून पार्ल्याला गेले. स्टेशनपासून पत्ता विचारत विचारत. त्यांच्या मुलीने, माधवीताईंनी, दार उघडलं. कॉलेजात शिकवतात, पण त्या दिवशी त्यांचे केस विंचरलेले नव्हते. म्हणाल्या, "तुम्ही रेखा ना? बाबा बोलतात तुमच्याबद्दल. फार बोलायला लावू नका हां."

काका खिडकीशी पलंगावर होते. मी ओळखलं ते फक्त डोळ्यांवरून. मी फोनमधला फोटो दाखवला, चौतीस आणि तिच्या पोटाखाली ढुशा देणारं पारडू. त्यांनी फोन छातीवर ठेवून बराच वेळ बघितला.

"घेर?"

"एकोणतीस," मी म्हटलं. "नव्या टेपने."

ते हसले. मग म्हणाले, "आणि माझं?"

माधवीताईंनी दारातून मला नको अशी खूण केली. पण काकांनीच मला शिकवलं होतं की खोट्या वजनावर खरं औषध बसत नाही. मी त्यांना नीट बघितलं. मनगटं, गळ्याची हाडं, चादरीखालचे पाय.

"बेचाळीस," मी म्हटलं. "जेवत नाही काय?"

मग काकांचं अंग हलायला लागलं आणि मला भीती वाटली. पण ते हसत होते. "बरोबर," ते मुलीला म्हणाले. "हे सगळे पन्नास सांगतात. ऐकलंस? हिला कळतं."

औषधाची वेळ झाली होती. माधवीताई बाटली आणि चमचा घेऊन आल्या. एका हाताने त्यांनी काकांची हनुवटी वर केली आणि चमचा पुढे नेला. काका खोकले. अर्धं औषध सदऱ्यावर सांडलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "रोज असंच होतं," त्या म्हणाल्या. "मला जमतच नाही हो."

"ताई," मी म्हटलं, "डोकं एवढं वर नको."

मी पुढे झाले. उशी पाठीमागे सरकवली, त्यांना बसतं केलं, मान सरळ ठेवली. ताई चमचा धरून तशाच उभ्या होत्या. मी हात पुढे केला नाही. आपण कुणाच्या घरात उभे आहोत हे मला माहीत होतं.

काकांनी डोळे मिटलेले होते. म्हणाले, "हिच्या हाताने दे."

ताईंनी चमचा माझ्याकडे दिला. मी गालाच्या कडेने थोडं सोडलं, थांबले. त्यांचा कंठमणी वर गेला, खाली आला. पुन्हा थोडं सोडलं. ते एकदाही खोकले नाहीत. चमचा रिकामा झाल्यावर मी बघितलं तर ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तेव्हा मला कळलं की माझं तोंड केव्हाचं उघडं आहे.

"गिळलंस काय गो बाय?" काका डोळे न उघडता म्हणाले.

"हो काका," मी म्हटलं. "गिळलं."